हा मासा किती वाढणार?

घरोघरी माशांच्या टाक्या बसवायच्या, दर पंधरवड्याला जाऊन पाणी बदलायचं, फिल्टर धुवायचे, काच घासायची, हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. ठाणे, डोंबिवली, कल्याण हा माझा पट्टा. या कामात एक फोन मला सारखा येतो : "दादा, मासा फार मोठा झालाय हो, तुम्ही घेऊन जाल का?" फोन करणारी माणसं निष्काळजी नसतात. मासा आणताना त्यांनी दुकानात खाणं विचारलेलं असतं, भाव विचारलेला असतो, दोन मासे एकमेकांशी भांडतील का हेही विचारलेलं असतं. हा किती वाढणार, एवढंच राहून गेलेलं असतं. किंवा विचारलं असेल तर "टाकीएवढाच वाढतो" असं उत्तर मिळालेलं असतं. त्या एका उत्तरापायी किती जिवांचे हाल होतात ते मला रोज दिसतं, म्हणून हे लिहायला बसलो.

१. दुकानात दिसतं ते बहुतेक वेळा पिल्लू असतं

कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात ओळीने मांडलेल्या टाक्या बघा. एकीत निऑन टेट्रा, शेजारी गप्पी, त्याच्या पलीकडे ऑस्कर, मग शार्क, मग गुरामी. सगळे एक-दीड इंचाचे. बघणाऱ्याला वाटतं, एकाच मापाचे मासे आहेत, रंग आवडेल तो उचलावा. पण निऑन टेट्रा तिथे जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो. तीन-चार सेंटीमीटरच्या पुढे तो जात नाही. शेजारचा ऑस्कर मात्र नुकतंच खायला लागलेलं पिल्लू असतं आणि ते फूटभर, कधी चौदा इंच होणार असतं. जायंट गुरामी सत्तर सेंटीमीटरपर्यंत जातो. चंदेरी अरोवाना तीन फुटांच्या घरात जातो.

पिल्लंच विकायला येतात यामागे साधा व्यवहार आहे. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या भागांतून किंवा कोलकात्याहून माल निघतो तो प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून. दोन इंचांचे मासे एका पिशवीत डझनांनी मावतात, फूटभर लांबीचा एकच मावतो. पिल्लाला जागा कमी लागते, खाणं कमी लागतं, भाव कमी ठेवता येतो, आणि लहान मुलांना तेच आवडतं. दुकानदाराच्या टाकीत मासा आठवडा-दोन आठवडे राहतो, त्यामुळे तो मोठा झालेला त्यालाही क्वचितच दिसतो. ऑस्करचं पिल्लू नीट खाल्लं-प्यायलं तर सुरुवातीला महिन्याला इंचभर वाढतं. पहिल्या वाढदिवसाला ते आठ-नऊ इंचांचं झालेलं असतं. म्हणजे दुकानातला तो चेहरा तुमच्या घरात जेमतेम दोन-तीन महिने टिकतो.

२. टाकी वाढ थांबवत नाही, घाण पाणी थांबवतं

"टाकीएवढाच मासा वाढतो" हे इतक्या वेळा ऐकायला मिळतं, की त्यात काहीतरी तथ्य असणार असं वाटतं. दिसायला ते आहेही. लहान टाकीतला मासा बरेचदा खुजा राहतो. पण का, ते समजून घेतलं पाहिजे.

मासा जे खातो त्यातून तयार होणारा अमोनिया मुख्यतः त्याच्या कल्ल्यांमधून पाण्यात जातो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तिथेच साठत राहतं. पाणी बदललं तरच ते कमी होतं. पन्नास-पंचावन्न लिटरच्या टाकीत हा साठा भराभर वाढतो. माशाची भूक मंदावते, आजार लवकर धरतात, पोहायला जागा नसल्याने स्नायू भरत नाहीत. वाढ खुंटते. याला मासा "जुळवून घेतो" म्हणतात, ते ऐकवत नाही. उपाशी, कोंडलेल्या मुलाची उंची वाढली नाही तर आपण त्याला जुळवून घेतलं म्हणत नाही.

खुजा मासा ओळखायला शिका. डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसतो. डोकं मोठं आणि मागचं अंग आखूड. पाठीच्या रेषेला बाक येतो, तो वरून पाहिल्यावर जास्त कळतो. असा गोल्डफिश दोन-तीन वर्षांत जातो आणि घरातली मंडळी म्हणतात, गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. एका निवृत्त गुरुजींच्या घरी दोन फुटी टाकीत एक ऑस्कर होता. काका शिस्तीचे. दर रविवारी आणि बुधवारी निम्मं पाणी बदलायचे, ठरलेल्या वेळी मोजून खायला घालायचे. त्या ऑस्करने टाकी बघितलीच नाही. तो वाढत गेला. शेवटी एक फूट रुंदीच्या टाकीत एक फूट लांबीचा मासा. वळताना तोंड पुढच्या काचेला टेकायचं आणि शेपूट मागच्या. टाकी तीच होती, पाणी तेवढं स्वच्छ होतं. काकांनी लगेच चार फुटी टाकी करून घेतली आणि पहिल्या दिवशी तो मासा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता येरझाऱ्या घालत होता.

आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की बाहेरून वाढ थांबली तरी आतले अवयव वाढत राहतात आणि मासा फुटून मरतो. तिला काही आधार नाही. खुजेपणाचे खरे परिणाम पुरेसे वाईट आहेत, त्यात भर घालायची गरज नाही.

बहुतेक मासे जन्मभर वाढतात. वयात आल्यावर वेग मंदावतो इतकंच. गप्पीचा नर हा एक अपवाद, वयात आला की त्याची वाढ जवळपास थांबते. म्हणून गप्पीची मादी नराच्या दीडपट तरी दिसते.

३. शार्क म्हणून मिळतो तो नदीचा मासा आहे

पन्नास रुपयांच्या आसपास मिळणारा, चांदीच्या अंगावर काळे पट्टे असलेला, सतत पोहणारा हा मासा आपल्याकडे प्रत्येक दुकानात असतो. हा शार्क नव्हे, हा शिंगाळ्यांच्या जातकुळीतला बिनखवल्यांचा मासा. शास्त्रीय नाव पँगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस. मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला. नोंदलेली कमाल लांबी १३० सेंटीमीटर, वजन ४४ किलो. त्याचाच सख्खा भाऊबंद, मेकाँगचा महाकाय कॅटफिश, २००५ साली उत्तर थायलंडमध्ये पकडला गेला तेव्हा २९३ किलो भरला होता.

आणि हा मासा आपल्याला अनोळखी नाही. आंध्रातल्या तळ्यांत, आपल्याकडच्या धरणांतल्या पिंजऱ्यांत तो खाण्यासाठी वाढवतात. हॉटेलात बासा म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. मत्स्यशेती करणाऱ्याला विचारा, वर्षभरात हा किलोभर होतो असं तो सांगेल. तेच पिल्लू दिवाणखान्यात आणलं म्हणून त्याच्या अंगातली वाढ बदलत नाही.

डोंबिवलीत एका ताईंच्या घरून मी असा मासा हलवला. टाकी चार फुटी. काचेला टेप लावला तर मासा दोन फुटांच्या पुढे. तोंडाच्या टोकाला खवडा पडून पांढरट झालेलं, एका बाजूच्या मिशा झिजून नुसती खुंटं राहिलेली. या माशाला नजर कमी आणि घाबरटपणा जास्त. घरात कुणी दिवा लावला, दार आपटलं, की तो सुसाट सुटायचा आणि काचेवर आदळायचा. मग तळाशी आडवा होऊन निपचित पडायचा. ताईंची लहान मुलगी तेव्हा रडायला लागायची, तिला वाटायचं मेला. थोड्या वेळाने तो उठायचा आणि पुन्हा काचेच्या कडेने फेऱ्या सुरू.

त्याला जाळीत धरायचं नसतं. छातीजवळच्या परांना करवती काटे असतात, ते जाळीत असे गुंततात की काटा मोडतो किंवा जाळी कापावी लागते. मी टाकीतलं पाणी निम्म्यावर आणलं, जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी पाण्याखाली धरली आणि दोघांनी मिळून त्याला हळूच आत वळवलं. पिशवी उचलली तेव्हा वजन कळलं. काचेतून बघताना मासा हलका वाटतो. हातात आला की कळतं केवढा जीव आहे तो.

मेकाँगमध्ये हे मासे पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला शेकडो किलोमीटर प्रवाहाच्या उलट जातात. टोळीने जातात. घरच्या कुठल्याही टाकीला मी या माशासाठी होकार देत नाही, सहा फुटीलाही नाही.

४. सकर काच साफ करायला आणतात, तो स्वतःच टाकीभर होतो

"काचेवर शेवाळ धरतंय, एक सकर टाकून द्या," हे वाक्य दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं. दोन इंचांचा तो काळपट, ठिपक्यांचा, काचेला तोंड चिकटवून बसणारा मासा दक्षिण अमेरिकेतला. चाळीस ते पन्नास सेंटीमीटर वाढतो. लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की त्याला दाणे, भाजी, उरलेलं, सगळं लागतं, आणि तो जेवढी काच साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. फूटभर लांबीचा सकर असलेल्या टाकीचा तळ सकाळी बघितलाय का? सुताच्या गुंडाळ्यांसारखी विष्ठा सगळीकडे. रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो, गोल्डफिशच्या अंगावर मग लाल चट्टे दिसतात.

शेवाळासाठीच हवा असेल तर ब्रिसलनोज मागा. तोही त्याच कुळातला, पण चार-पाच इंचांवर थांबतो. नराच्या तोंडावर मऊ काट्यांची झुडपं येतात, त्यावरून ओळखता येतो. आणि त्याआधी टाकीवरचा दिवा किती तास चालू असतो ते बघा. निम्मं शेवाळ तिथूनच येतं.

५. नावावर विसंबू नका

पिरान्हा म्हणून विकली जाणारी लाल पोटाची पिल्लं पुष्कळदा पाकू असतात. पाकू म्हणजे आपल्या मासळी बाजारातला रूपचंद. पिरान्हा फूटभराच्या आसपास राहतो. रूपचंदची नोंद ८८ सेंटीमीटर आणि २५ किलोपर्यंत आहे. दात पाहा : पिरान्हाचे टोकदार, पाकूचे चपटे, माणसाच्या दाढांसारखे, कारण तो फळं आणि बिया फोडून खातो. घ्यायच्या आधी शास्त्रीय नाव विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर फोटो काढून घरी या, शोधा आणि दुसऱ्या दिवशी जा.

६. लांबी कुठून कुठे मोजली ते बघा

पुस्तकांत माशाची लांबी दोन तऱ्हांनी देतात. एक, तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंत. हिला प्रमाण लांबी म्हणतात. दुसरी, शेपटीच्या टोकापर्यंत, ती एकूण लांबी. शास्त्रज्ञ बरेचदा पहिली वापरतात, कारण शेपटीचा पर तुटतो, फाटतो. ग्राहक मात्र तो आकडा पूर्ण माशाचा समजतो. पुस्तकात तीस सेंटीमीटर लिहिलंय आणि घरातला मासा छत्तीसचा कसा झाला, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

एंजलफिशला तर लांबीचा आकडा पुरतच नाही. अंग सहा इंच लांब, पण वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत उंची आठ इंचांच्या पुढे जाऊ शकते. एक फूट उंचीच्या टाकीत वाळू घातली, वर दोन इंच जागा सोडली, की उरतं काय?

दुसरं, "कमाल लांबी" म्हणजे आजवर नोंदलेला सर्वांत मोठा मासा. बहुतेक तेवढे होत नाहीत. घरात नीट सांभाळलेला मासा त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत किंवा थोडा पुढे जातो असा माझा अंदाज मी धरतो आणि टाकी त्या हिशेबाने सांगतो. शार्कच्या बाबतीत तेवढंही कुणाच्या घरात मावत नाही, हे वेगळं.

७. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं जातं. मासा नुसता लांब होत नाही. तो रुंद होतो, जाडही होतो. तिन्ही बाजूंनी दुप्पट म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. पाच सेंटीमीटरचा ऑस्कर तीस सेंटीमीटरचा झाला म्हणजे लांबी सहापट. वजन सहाचा घन, २१६ पट. तीन ग्रॅमचं पिल्लू साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास जातं.

पिल्लू वजनाच्या मानाने जास्त खातं, समजा दिवसाला पाच टक्के. मोठा मासा एक टक्क्यावर भागवतो. तरी खाणं चाळीसपटीच्या पुढे गेलं, आणि घाणही तेवढीच. टाकी मात्र तीच, फिल्टर तोच, पाणी बदलायचा दिवसही तोच. "इंचाला एक गॅलन पाणी" असा एक नियम लोक सांगतात. तो निऑन टेट्रासारख्या बारक्या माशांपुरता ठीक आहे. बारा इंचांच्या ऑस्करला तो लावला तर पंचेचाळीस लिटर पाणी येतं, म्हणजे तो दोन-तीन बादल्यांच्या पाण्यातच राहिल्यासारखा. मी एका ऑस्करला अडीचशे लिटर धरतो.

८. टाकीची रुंदी विचारा, मग खालचा स्लॅब

गिऱ्हाईक लांबी सांगतं, चार फूट, पाच फूट, कारण भिंतीवर ती दिसते. माशाला वळायला लागते ती रुंदी. दुकानात तयार मिळणाऱ्या टाक्या बहुधा एक ते सव्वा फूट रुंद. चौदा इंचांचा ऑस्कर त्यात वळताना दर वेळी अंग मुडपतो. दीड फूट ही त्याच्यासाठी किमान रुंदी. अरोवानाला अडीच फूट.

आता वजन. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशा टाकीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी. सहा बाय दोन बाय दोनमध्ये २४ घनफूट, सुमारे ६८० लिटर. लिटरला एक किलो धरा. बारा एमएमची काच घेतली तर नुसत्या काचेचे सव्वाशे किलो होतात. वाळू, दगड, लोखंडी स्टँड मिळून सगळं नऊशे किलोच्या घरात जातं, आणि ते उभं राहतं जेमतेम बारा चौरस फुटांवर. घरांच्या खोल्यांसाठी आपल्याकडच्या आयएस ८७५ या मानकात वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. भार खोलीभर वाटला जातो हे खरं, तरी एवढी टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. बीम जिथून जातो त्या भिंतीलगत ठेवावी, आणि इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. मी त्याच्या होकाराशिवाय सहा फुटी टाकी बसवत नाही. त्यामुळे काही कामं हातची जातात, जाऊ देत.

९. आकाराबरोबर वर्षंही विचारा

गोल्डफिश लोक काचेच्या गोल भांड्यात ठेवतात. एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश तळ्यात फूटभर आणि त्याहून मोठा होतो. फुगीर अंगाचे, दुहेरी शेपटीचे प्रकार सहा-आठ इंचांचे. २०२१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल शहराच्या केलर तलावात फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले. लोकांनी घरचे मासे तलावात सोडले होते. इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशने ४३ वर्षं काढली; १९५६ साली तो एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता आणि १९९९ मध्ये गेला.

ऑस्कर दहा-बारा वर्षं सहज जगतो. जायंट गुरामी वीस. क्लाउन लोच, तो नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला बोर्निओ-सुमात्राचा मासा, फसवतो कारण तो सावकाश वाढतो. दोन-तीन वर्षांनी बोटभरच असतो, लोकांना वाटतं एवढाच. तो तीस सेंटीमीटरपर्यंत जातो आणि वीस वर्षांच्या पुढे जगतो. एकटा राहत नाही, पाच-सहा जण लागतात. सातवीतल्या मुलाच्या हट्टासाठी घेतलेले लोच त्याच्या लग्नात घरीच असतील, त्यांच्याकडे तेव्हा कोण बघणार ते आईवडिलांनी आज ठरवावं.

१०. काही मासे घरात येऊच नयेत

अरापैमा, अ‍ॅलिगेटर गार, रेडटेल कॅटफिश. तिन्हींची पिल्लं आपल्याकडे विकली जातात, आणि सहा इंचांची असताना ती देखणी दिसतात यात शंका नाही. अरापैमा अडीच-तीन मीटर होतो. अ‍ॅलिगेटर गार २०११ साली मिसिसिपीत १४८ किलोचा सापडला. रेडटेल मीटरभराच्या पुढे जातो आणि तोंडात मावेल ते सगळं गिळतो, टाकीतले दगडसुद्धा. हे विकायलाच नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

११. नदी-तलावात सोडणं म्हणजे सुटका नव्हे

"गणपतीबरोबर तलावात सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल," असं एक काकू म्हणाल्या. मनात दयाच होती त्यांच्या. मी त्यांना केरळची गोष्ट सांगितली. २०१८ च्या पुरात शेततळी, टाक्या वाहून गेल्या आणि चालकुडी नदीत अरापैमा आणि अ‍ॅलिगेटर गार मिळाले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात गार सापडला. सकर तर पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, तमिळनाडू-केरळच्या तळ्यांत ठाण मांडून बसलाय. त्याच्या अंगावर हाडांचं चिलखत, स्थानिक मासे त्याला खाऊ शकत नाहीत. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो. नर काठाच्या मातीत लांब बिळं कोरतात, त्याने बांध ढासळतात. मच्छीमाराच्या जाळ्यात अडकला की जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. परका मासा एकदा बसला की काय होतं हे चिलापीने, म्हणजे तिलापियाने, भीमेवरच्या उजनी धरणात दाखवलंच आहे. भीमेकाठच्या जुन्या कोळ्यांना विचारा, पूर्वी जाळ्यात कायकाय यायचं.

काकूंनी मासा सोडला नाही.

१२. दोन फुटांच्या टाकीतही भरपूर आहे

मोठा मासा नको म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, म्हणून हे सांगतो. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला, दीड-दोन इंचांचा, दिवसभर खेळतो. मध गुरामी दोन इंच. केरळातला बुटका पफर एक इंच, डोळे वेगवेगळे फिरवून तुमच्याकडे बघतो. चार फुटी टाकी असेल तर मिस केरळ घ्या : लाल रेघेचा, सहा इंचांपर्यंत जाणारा, पश्चिम घाटातल्या ओढ्यांचा मासा. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रीया हे नाव दिलं गेलं. रानात तो धोक्यात आहे, तेव्हा पैदाशीतलाच मागून घ्या, निदान सहा एकत्र.

१३. मासा मोठा झालाच, तर फोन लवकर करा

फूटभराच्या ऑस्करला किंवा कोई कार्पला घर मिळतं. मोठी टाकी असलेले हौशी असतात, बागेत सिमेंटचं कुंड असलेले असतात. दुकानदार अशा वयात मासा परतही घेतात, थोडे पैसे कमी देतील. अडीच फुटी शार्कला घ्यायला सहसा कुणी नसतं. डोंबिवलीच्या ताईंचा मासा शेवटी मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात गेला. तळं प्लॅस्टिकच्या कागदाचं, ओढ्याकडे सांडवा नसलेलं, आणि तो आधीपासून हेच मासे पाळणारा. जागा बघितल्याशिवाय मी मासा देत नाही. सांडवा कुठे जातो ते स्वतः चालत जाऊन बघतो.

हलवायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका, नाहीतर प्रवासात पाणी घाण होतं. टाकीतलंच पाणी ड्रममध्ये भरा, ड्रम निम्माच भरा, म्हणजे वर हवा राहते. बॅटरीवरचा एअर पंप लावा. झाकण घट्ट बांधा, कारण मोठा मासा अंधारात उसळी मारतो. उन्हाळ्यात पहाटे निघा. पोचल्यावर नव्या जागेचं पाणी तांब्या-तांब्याने ड्रममध्ये घाला, अर्धा-पाऊण तास तरी, आणि मगच ड्रम पाण्यात आडवा करा. मासा आपला आपण बाहेर येतो.